ओठाला गार लागणारं हाड

१

अक्का म्हणते, जेवताना पुटपुटतोस, झोपेत पुटपुटतोस, परवा शेजारच्या बाईंनी विचारलं की तुमच्याकडचा रेडिओ बिघडलाय का. तेव्हा काय ते एकदा लिहून काढ आणि गप बस. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या घरात राहतो, तिच्या हातचं खातो, म्हणून लिहितोय. नाहीतर मला ही हौस नाही. चौथीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, हे आता दोघांनाही आठवत नसेल. शुद्धलेखन बघायला आलेल्यानं दुसरं दार ठोठवावं.

मी म्युझियममध्ये हाडं साफ करायचो. जन्मभर तेच. मेलेलं जनावर यायचं, कातडं एकीकडे जायचं, उरलेलं माझ्याकडे. मोठं मांस सुरीनं काढायचं. बारीकसाठी किड्यांची पेटी. ते किडे हाडाला धक्का न लावता सगळं चाटूनपुसून खातात. मग कोमट पाणी, मग सावलीत वाळवण. आता हाड आतून वाळलं का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला आमच्या खोलीत एकच रीत. हाड उचलायचं आणि वरच्या ओठाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे. माझ्या आधीचा माणूस असंच करायचा, त्याच्या आधीचाही. नवीन आलेले आधी तोंड वाकडं करायचे आणि मग गुपचूप तेच करायचे.

सगळं म्युझियम मला हाडंकाका म्हणायचं. बायको लवकर गेली. मुलगी शाळा सुटली की माझ्या खोलीत येऊन बसायची आणि हाडांची चित्रं काढायची. तिला मी ठकी म्हणतो. तीही कवट्या ओठाला लावायची आणि "हे गार, बाबा", "हे झालं, बाबा" असं मोठ्या माणसासारखं सांगायची. पुढं ती तिथलीच चित्रकार झाली. शिकलेल्या लोकांच्या लेखात हाडांची जी चित्रं छापतात, ती ती काढते. लग्नही तिथल्याच सापवाल्याशी केलं. मी रिटायर झालो तेव्हा म्हणाली, "एकटे काय भिंतींशी बोलत बसणार, चला आमच्याकडे." त्यांच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत माझी खाट पडली.

जावई मला लग्नाआधी काका म्हणायचा, नंतरही काकाच म्हणत राहिला. मला राग नव्हता. जिभेला वळण पडलेलं असतं.

२

जावयाचे साप एका बेटावरचे. खडकाळ बेट, त्यावर दोनच जाती, आणि दोघींचं मिळून एक कूळ. जगात तिसरा भाऊबंद नाही. त्यातली एक जात अजून तिथं आहे. दुसरी मातीत शिरून राहणारी. कुणी शहाण्यानं बेटावर शेळ्या आणि ससे नेऊन सोडले, त्यांनी झाडोरा खाल्ला, माती समुद्रात गेली, आणि तो साप परत कुणाला दिसला नाही.

ह्या कुळाची गंमत म्हणजे वरचा जबडा. त्याचं हाड अखंड नाही, मधोमध सांधा आहे. पुढचा तुकडा वेगळा हलतो, मागचा वेगळा. पालींसारखं गुळगुळीत, वळवळतं भक्ष्य धरायला बरं पडतं म्हणे. कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्या जनावरात असं नाही, हे जावयानं मला इतक्या वेळा सांगितलं की मी मान डोलवायचंही सोडून दिलं.

त्याचं काम म्हणजे ह्या कुळाची सोयरीक ठरवणं. अजगरांचे चुलत म्हणायचे की आणखी कुणाचे मावस. आमच्या नात्यातल्या बायका लग्नघरात हे काम फुकट करतात. हा त्याचा पगार घ्यायचा. पण त्याच्या मनाला ते फार लागलेलं होतं. बाहेरच्या देशातले दोघेतिघे त्याच प्रश्नावर बसले होते. त्यांच्या आधी ह्याचा पेपर यायला हवा होता.

मातीतला साप आमच्या म्युझियममध्ये एकच होता, स्पिरिटच्या बरणीत, माझ्या आजोबांच्या वेळचा. त्याच्या डोक्याची हाडं सोडवायची परवानगी जावयानं कशीबशी काढली.

मी म्हटलं, "माझ्याकडे द्या."

"काका, तुमचे हात थरथरतात आता."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. माझ्या जागेवर आलेल्या माणसानं ते डोकं किड्यांच्या पेटीत ठेवलं. किडे खाईनात. त्यात नवल नाही, स्पिरिटमधल्या मालाला ते नाक मुरडतात, आधी भिजवून काढावा लागतो. भिजवला. परत ठेवला. तो माणूस मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "हाडंकाका, खात नाहीत ते नाहीतच, वर सगळे पेटीच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेत." मी म्हटलं, पेटी उन्हात ठेवली असशील.

शेवटी जावयानं सुया घेऊन स्वतः साफ केलं आणि हाडं कापसाच्या डबीत घालून घरी आणली, कारण ठकीचं चित्रं काढायचं टेबल घरी खिडकीशी होतं.

ठकीनं चिमट्यानं एक तुकडा उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा. आणि ओठाला लावला.

जावई ओरडला, "अगं, जगात एकच आहे ते."

"खात नाहीये मी," ती हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, गार आहे अजून."

दुसऱ्या दिवशीही गार. त्या आठवड्यात हवा इतकी कोरडी होती की आमच्या टाचा फुटल्या. दाण्याएवढ्या हाडात ओल कुठं लपणार? ती रोज सकाळी टेबलाशी बसली की आधी हाड ओठाला लावायची आणि म्हणायची, गार. पुढं पुढं म्हणेनाशी झाली, नुसती लावून बसायची.

३

माझी खाट ट्यूबलाइटच्या खाली. त्या ट्यूबमागे एक पाल राहायची, लठ्ठ, शेपटी तुटून परत आलेली. आमचं पटायचं नाही. दुपारी मी पडलो की ती छातीवर पडेल ह्या धास्तीनं मला झोप यायची नाही, आणि मी उशी फेकली की ती घड्याळामागे जायची. असा आमचा संसार चालला होता.

एक दिवस लक्षात आलं की मी रोज छान झोपतोय.

ट्यूबखाली मेलेल्या पाखरांचा आणि चिलटांचा थर साचला होता. जिवंतही घोंघावत होती, खायला कुणी नव्हतं. मी उठून घड्याळामागे बघितलं. स्वयंपाकघरात गॅसच्या नळीमागे दोन असायच्या, त्या नव्हत्या. न्हाणीघराच्या झरोक्यात नव्हत्या. मीटरच्या पेटीवर नव्हत्या. लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आमच्या घरात चुकचुकायला पाल राहिली नव्हती.

"औषध मारलंत काय?" मी जावयाला विचारलं.

"नाही बुवा."

ठकी टेबलावरून न वळता म्हणाली, "बरंच झालं की. तुम्हालाच त्यांची किळस."

मी म्हटलं, ऋतू असेल. मांजर येत असेल. माणूस म्हातारा झाला की त्याला करायला काम नसतं, मग तो पाली शोधत फिरतो. हे मी स्वतःला सांगितलं आणि पटवूनही घेतलं.

४

मग आवाज. जेवताना. टक. थोडं थांबून, परत टक. बारीक, बोटाचं पेर मोडल्यासारखा.

माझी कवळी वाजते हे मला माहीत आहे. पण कवळी माझ्या तोंडात वाजते, टेबलाच्या पलीकडे वाजत नाही.

"ठकी, दात दुखतोय का?"

"नाही."

"मग चावत का नाहीस?"

"चावते की, बाबा."

चावत नव्हती. ताटात काकडी होती, मला तिच्या तोंडातून काकडीचा आवाज ऐकू आला नाही. पूर्वी काकडी खाताना ती अशी कचाकचा खायची की मी तिला घोडा म्हणायचो. आता फोड तोंडाशी न्यायची, दुसरा हात आडवा धरायची, मान जरा वर, आणि फोड गेलेली.

जावई म्हणाला, "काका, तुमचीच कवळी आहे ती. बदलून घ्या."

मी कवळी काढली, पाण्याच्या पेल्यात टाकली आणि बोळक्या तोंडानं बसून राहिलो.

टक.

"आता?" मी म्हटलं.

"पंखा असेल."

पंखा बंद होता. पण मला पंख्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते वेगळंच. जावई जेवत नव्हता. हातातला घास तसाच, आणि तो ठकीच्या तोंडाकडे बघत होता. लग्न झालं त्या वर्षीसुद्धा त्यानं तिच्याकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतं. आणि ठकी खाली मान घालून, त्याला नीट दिसावं म्हणून, हात हळूच बाजूला घेत होती.

५

पेपर छापून यायच्या आधीच म्युझियमचे डायरेक्टरसाहेब घरी आले. वजनदार माणूस, खुर्ची निवडून बसतो. चित्रांची प्रत मांडीवर घेऊन म्हणाले, "वा. फार वर्षांत असं काम बघितलं नाही."

जावई लाजल्यासारखं करत होता.

"मला एकच सांगा," साहेब म्हणाले, "जबडा हलतो कसा, पुढचा तुकडा आधी की मागचा, किती वाकतो, किती वेळानं परत जागेवर येतो, हे सगळं तुम्ही लिहिलंय. बेटावर जो अजून आहे त्याचं समजू शकतो. पण हा मातीतला तर आपल्यापैकी कुणी जिवंत बघितलाच नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"हाडांवरून अंदाज येतो, सर."

"आणि ह्या चित्रात स्नायू आहेत. मांस तर आपण काढून टाकलं होतं."

"ते... कल्पनेनं," जावई म्हणाला. "हिची कल्पनाशक्ती चांगली आहे."

साहेबांनी ठकीकडे बघितलं. ती चहा घेऊन उभी होती, मधल्या दारात, तोंडावर रुमाल धरून.

"सर्दी वाटतं?"

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. साहेबांनी चहा घेतला, थोडं हसले आणि मला म्हणाले, "काय हाडंकाका, जावई नाव काढणार तुमचं."

मी म्हटलं, "माझं नाव हाडंकाका आहे. ते काढून घेऊन कुणाला काय मिळणार?"

साहेब मोठ्यानं हसले. जावई हसला. ठकी हसली नाही. पूर्वी माझ्या फालतू बोलण्यावरही ती हसायची, तोंड उघडून, टाळू दिसेपर्यंत.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई कामावर गेल्यावर मी तिच्या टेबलाशी गेलो. खिडकीतून ऊन कागदावर पडलेलं. ती पाठमोरी. कागदावर, तिच्या हाताजवळ, पालीची शेपटी पडली होती. एकटीच. वळवळत होती. पाल शेपटी टाकते आणि शेपटी मागं राहून वळवळते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यात भ्यायचं काही नाही. पाल शेपटी टाकून पळून जाते एवढंच. मी खिडकीच्या चौकटीवर बघितलं, भिंतीवर बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. कुठं पळून गेलेली मला दिसली नाही.

ठकीनं घोट गिळला.

"ठकी," मी म्हटलं, "आ कर."

लहानपणी ती खडू खायची. तेव्हा मी असंच म्हणायचो आणि ती गाल फुगवून बसायची.

"नको, बाबा."

"आ कर म्हणतो ना."

"तुम्हाला बघवणार नाही."

"मी जन्मभर मेलेल्यांच्या तोंडात बघितलंय. तू तर माझी आहेस."

तिनं पेन्सिल कागदावर ठेवली. मग माझ्याकडे वळली. डोळे तेच होते, हे मुद्दाम सांगतो. डोळे माझ्या मुलीचेच होते आणि ते भरून आले होते.

माणसाचा वरचा जबडा डोक्याला पक्का बसलेला असतो. हलतो तो खालचा. ह्याला शिक्षण लागत नाही, गालावर हात ठेवून घास चावून बघा.

तिनं बोटानं वरचा ओठ उचलला. हिरडीवर दोन्ही बाजूंना एक उभी घडी होती, मऊ, धुतलेल्या कापडाला पडते तशी. मग तिनं तोंड उघडलं. पुढचे दात खाली आले. दाढा होत्या तिथंच राहिल्या. टक. मग दाढा आल्या.

मी खाटेवर जाऊन बसलो.

"दुखत नाही आता," ती मागून म्हणाली. "सुरुवातीला दुखलं."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्यालाच आधी दाखवलं."

"मग डॉक्टर?"

"तो म्हणतो, पेपर छापून झाला की जाऊ."

मी खाटेखाली चपला शोधायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, कुणाला सांगू नका. तुम्हाला दाखवलं म्हणून सांगितलं तर तो चिडेल." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिचं पोर असल्यासारखा. तिची बोटं गार होती.

७

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. बाप काय करणार? माझी कवळी बसवणारा दातांचा डॉक्टर ओळखीचा होता, त्याला जवळजवळ ओढत घरी आणला. सकाळची वेळ, जावई घरीच होता. मी म्हटलं, हिचं तोंड बघा. जबडा मधोमध मोडतोय. हा माणूस तिच्यावर उपचार करत नाही, तिच्यावर लेख लिहितोय.

जावयाचा चेहरा पांढरा पडला. तो ठकीकडे बघत राहिला. सगळं तिच्या एका शब्दावर होतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

ठकी म्हणाली, "डॉक्टर, माफ करा, तुम्हाला उगाच त्रास. बाबांना भास होतात. आई गेल्यापासून अधूनमधून होतं असं."

"काल तू मला दाखवलंस," मी म्हटलं.

"मी काही दाखवलं नाही, बाबा."

शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून. तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. मला काय होतं आणि काय नाही हे तिला काय माहीत?

डॉक्टरनं माझा मान राखायला म्हणून टॉर्च काढला. "आलोच आहे तर बघतो." तिनं तोंड जरासं उघडलं. तो म्हणाला, "छान आहेत की दात, अगदी ओळीत." मग ओठ वर करायला त्यानं अंगठा आत घातला.

तो थांबला. टॉर्च तसाच. मला त्याची पाठ दिसत होती, आणि पाठीवरचा सदरा आधी हलत होता तो हलायचा बंद झाला. बारीक आवाज झाला, टक.

त्यानं अंगठा सावकाश बाहेर काढला. बेसिनवर जाऊन हात धुतले. परत धुतले. रुमालानं पुसले आणि अंगठा रुमालातच धरून ठेवला.

"ठीक आहे सगळं," तो जमिनीकडे बघून म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. बॅग उघडीच उचलली आणि गेला. जिन्यावर त्याचं काहीतरी पडलं, ते उचलायला तो परत आला नाही.

जावई म्हणाला, "बघितलंत, काका?"

त्याच आठवड्यात माझी खाट अक्काकडे आली. ठकीनं माझे कपडे घड्या घालून दिले. दारात मला म्हणाली, "नीट खात जा." मी तिच्याकडे न बघता रिक्षात बसलो.

८

पेपर गाजला. त्या कुळाची सोयरीक कुठंशी पक्की झाली. कुणाचे चुलत ठरले ते मी विचारलं नाही. पाठोपाठ जावयाला बेटावर जायला मिळालं, मातीतला साप खरंच संपला का ते बघायला. ठकीला बरोबर नेलं. आता तिथं झाडं लावलीत म्हणे, शेळ्याससे काढले, माती परत धरायला लागली आहे. अक्काला तिचा एकदा फोन आला. अक्का म्हणाली, फोनमध्ये वाराच जास्त होता, मुलगी काही बोललीच नाही.

जावई एकटाच परत आला.

बसस्टँडवरून थेट अक्काकडे. उन्हानं काळवंडलेला, दाढी वाढलेली. अक्कानं पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"ठकी?" मी विचारलं.

"तिथंच आहे."

"तिथं म्हणजे?"

"तिला तिथं बरं वाटतं, काका. उन्हात बाहेर येत नाही. सुरुवातीला हाक मारली की यायची." तो पाण्याकडे बघत होता. "मी पुष्कळ थांबलो. बोट परत निघाली तेव्हाही हाका मारत होतो."

"कुठं बघून हाका मारत होतास?"

त्यानं पेला जमिनीवर ठेवला. अक्का मला म्हणाली, "अरे, पोलिसांत कळवायला नको का?" मी म्हटलं, काय कळवू? शोधायला येतील ते घरं शोधतील, झाडं शोधतील. माती कोण उकरणार?

मग तो खुर्चीतून उतरून माझ्या पायाशी बसला. एवढा शिकलेला माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही खरं बोलत होता. मला सगळं कळत होतं आणि मी तुम्हाला वेडं ठरू दिलं. मला माफ करा." रडला. नाक पुसायला रुमाल नव्हता, अक्कानं टॉवेल दिला.

मी त्याला म्हटलं, "ऊठ. चहा पी आणि जा." त्याची माफी मला नको. ती घेऊन मी ठेवू कुठं? त्यानं मला खोटं पाडलंच नाही, तो नुसता गप्प बसला. माझ्या डोळ्यांत बघून बोलली ती दुसरीच. तिनं यावं. वेळ लागला तरी चालेल, मी अजून आहे. अंधारात नाही, दिवसाउजेडी यावं, इथं माझ्या खाटेशी उभं राहावं, आणि हात आडवा न धरता, तोंड पुरतं उघडून म्हणावं की बाबा, चुकलं.

मी बघेन. मला बघवेल.

माफी मागायची राहिलीय ती ठकीनं.